नाजूक त्वचेवरचे डाग: आधी चुरचुर थांबवा

तुमचे मुरूम गेले, पण गालांवर तपकिरी डाग राहिले. व्हिटॅमिन सी सिरमने चेहरा लाल होऊन चुरचुरला आणि आता घरीच पील (आम्ल लावून त्वचेचा वरचा थर काढणं) करावं का, असं तुम्ही विचारलंय. पील नको. निदान आत्ता तरी अजिबात नको.

त्वचेला सूज आली की तिथल्या पेशी जास्त मेलॅनिन, म्हणजे त्वचेला रंग देणारं द्रव्य, तयार करतात. मुरूम बसतो, रंग मागे राहतो. तुमचं वर्णन वाचून हे डाग त्याच प्रकारचे वाटतात. ज्या त्वचेला सिरम सोसलं नाही, तिच्यावर तीव्र आम्ल लावलं तर पुन्हा सूज येईल आणि त्या सुजेतून नवे डाग पडतील. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेत हा धोका जास्त. "चुरचुरतंय म्हणजे गुण येतोय" हे कुणी सांगितलं तर कृपया ऐकू नका.

आधी तीन-चार आठवडे सगळे सिरम, स्क्रब आणि टोनर बंद ठेवा. बिनवासाचा सौम्य फेसवॉश, सेरामाइड (त्वचेत मुळातच असणारा स्निग्ध घटक) असलेलं साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन, एवढंच वापरा. चेहरा घासून पुसायचा नाही, कडक पाण्याने धुवायचा नाही. या काळात डाग तसेच दिसतील, पण लाली आणि त्वचेचा ताण कमी होईल. ते झाल्याशिवाय पुढचं काहीच सोसणार नाही.

सनस्क्रीनबद्दल मी जरा हट्टाने सांगते, कारण कंटाळा नेमका इथेच केला जातो. ऊन लागत राहिलं तर रात्री लावलेल्या क्रीमचा फारसा उपयोग होत नाही. एसपीएफ 30 किंवा जास्त, आणि यूव्हीए किरणांपासूनही संरक्षण देणारं घ्या. हे किरण खिडकीच्या काचेतून आत येतात, त्यामुळे घरात खिडकीजवळ बसत असाल तरी लावा. झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन नाजूक त्वचेला सहसा मानवतं. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं लागतं, चिमूटभर पुरत नाही. बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावा. आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन मिळालं तर उत्तम, कारण नुसत्या दिसणाऱ्या प्रकाशानेही डाग गडद होतात आणि साधं सनस्क्रीन तो फारसा अडवत नाही.

मग एकच औषधी घटक निवडा. मी अॅझेलेइक अॅसिड 10 टक्के सुचवेन: डागांवर चालतं, मुरूम येत असतील तर त्यांवरही, आणि गरोदरपणातही सहसा सुरक्षित मानलं जातं. मुरूम आणि डागांवर दिलं जाणारं दुसरं औषध, ट्रेटिनॉइन, मात्र गरोदरपणात वापरायचं नसतं. आधी कानामागे आठवडाभर लावून पाहा. मग दर तिसऱ्या रात्री, मॉइश्चरायझरवर पातळ थर. सुरुवातीला दोन-चार मिनिटं हलकी खाज येऊ शकते, पण सकाळपर्यंत लाली राहिली तर थांबा. तेही सोसलं नाही तर 4-5 टक्के नायसिनामाइड (व्हिटॅमिन बी3चा एक प्रकार) आहे. फरक दिसायला 8 ते 12 आठवडे लागतात. राखाडी-निळसर डाग खोलवर असतात, त्यांना त्याहून बराच जास्त वेळ लागतो. लालसर खुणा असतील तर तो मेलॅनिनचा रंग नव्हे, त्यांवर डाग उजळवणाऱ्या क्रीमचा फारसा परिणाम होत नाही.

लिंबाचा रस चेहऱ्यावर नको. त्यावर ऊन पडलं की त्वचा भाजून आणखी काळी पडू शकते. घटक न लिहिलेल्या "गोरं करणाऱ्या" क्रीमची तर मला खरोखर भीती वाटते. अशा क्रीममध्ये स्टेरॉइड किंवा पारा सापडलेला आहे. स्टेरॉइडने सुरुवातीला चेहरा उजळतो, पुढे त्वचा पातळ होते, आणि क्रीम बंद केल्यावर लाली, पुरळ उसळतात. हायड्रोक्विनोन हे डाग उजळवणारं खरं औषध आहे, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि ठरावीक मुदतीपुरतंच. मनाने वर्षानुवर्षं लावल्यास त्वचा निळसर-काळी पडू शकते.

दोन्ही गालांवर, कपाळावर, वरच्या ओठावर सारखेच पट्टे असतील तर ते वांग असू शकतात, त्यांची वाट वेगळी आहे. एखादाच डाग वाढत असेल, कडा वेड्यावाकड्या असतील, एकात दोन-तीन रंग असतील किंवा रक्त येत असेल, तर क्रीमचा विचारही न करता लगेच त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. जाताना वापरत असलेल्या सगळ्या ट्यूब सोबत न्या, नाव नसलेल्या डब्यासुद्धा.