अटलांटिकच्या काठचा जुना सागरतळ एवढा जड आहे, तर तो खाली का बुडत नाही?

कारण तो जड आहे तितकाच मजबूतही आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगतचा तळ सुमारे १८ कोटी वर्षांचा, थंड आणि जाड आहे. त्याचं स्वतःचं वजन त्याला खालच्या प्रावरणात, म्हणजे कवचाखालच्या तप्त खडकाच्या थरात, ओढतं, पण अखंड प्लेट, म्हणजे पृथ्वीच्या कठीण बाह्य थराचा तुकडा, वाकवून मोडायला तेवढा ताण सहसा पुरत नाही. मला निर्णायक वाटते ती जुनी भेग: तिच्यात पाणी झिरपून खडकाचं सर्पेंटाइन नावाचं खनिज होतं, हिरवट, हाताला गुळगुळीत लागणारं, आणि घर्षण एकदम घटतं. पश्चिम पॅसिफिकमध्ये सुमारे ५.२ कोटी वर्षांपूर्वी बहुधा अशाच कमकुवत पट्ट्यातून बुडणं सुरू झालं. २०१४ मध्ये जपानच्या दक्षिणेकडच्या बोनिन बेटांजवळ समुद्रतळ खोदून त्या सुरुवातीच्या काळातला बेसाल्ट वर काढला. मात्र सुरुवात नेहमी स्वतःच्या वजनानेच होते असं नाही. न्यूझीलंडच्या नैर्ऋत्येला प्युसेगर खंदकापाशी आधी प्लेटांचा आडवा रेटा आला.