अर्धशिशीसाठी रक्तदाबाची गोळी?

प्रश्न : माझे वय 36 आहे. महिन्यातून सहा-सात वेळा अर्धशिशी उठते, म्हणून डॉक्टरांनी दोन आठवड्यांपूर्वी प्रोप्रॅनोलॉल 40 मि.ग्रॅ. ही गोळी रोज घ्यायला सांगितली. ‘ही तर रक्तदाबाची गोळी’ असे औषधाच्या दुकानात ऐकल्यापासून मन साशंक आहे. माझा रक्तदाब नॉर्मल असतो. लहानपणी मला दमा होता, आजही पावसाळ्यात कधीतरी पंप घ्यावा लागतो. गोळी बंद करू का? – एक वाचक, सातारा

उत्तर : दुकानदाराचे म्हणणे खोटे नाही, अपुरे आहे. बीटा-ब्लॉकर गटातील हे औषध ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांनी 1960च्या दशकात हृदयशूळासाठी विकसित केले आणि 1988मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. अ‍ॅड्रेनॅलिनचा परिणाम रोखून ते नाडी मंदावते. पुढे हातांचा कंप, थायरॉइडमुळे होणारी धडधड आणि अर्धशिशीचा प्रतिबंध यांसाठीही ते वापरले जाऊ लागले. उठलेले डोके ते थांबवत नाही, आणि गुण येतो की नाही हे कळायला दोन-तीन महिने लागतात.

तुमच्या पत्रातील पंपाच्या उल्लेखाशी मात्र मी थबकलो. ‘लहानपणीचा’ म्हणून दमा डॉक्टरांना सांगायचा राहून जातो, हे मी अनेकदा पाहिले आहे. श्वासनलिका मोकळ्या ठेवणारे अ‍ॅड्रेनॅलिनचे कार्यही ही गोळी अडवत असल्यामुळे दमेकऱ्याला एका गोळीनेही तीव्र धाप लागू शकते, आणि अशा वेळी साल्ब्युटामॉलचा पंपही नेहमीसारखा लागू पडत नाही. म्हणूनच दमा असलेल्यांना ती देणे टाळतात. दोन आठवडे निर्वेध गेले, यावर विसंबू नका. पुढची गोळी घेण्याआधी, आजच, डॉक्टरांना फोन करून हे सांगा. धाप लागली किंवा छातीतून शिट्टीसारखा आवाज आला, तर गोळी न घेता थेट रुग्णालय गाठा.

एरवी हे औषध एकाएकी सोडू नये. हृदयविकार असलेल्यांना त्यामुळे छातीत कळा येऊ शकतात, झटकाही येऊ शकतो, म्हणून डॉक्टर ते हळूहळू कमी करत आणतात. तुमच्या बाबतीत कसे थांबवायचे, हे त्यांनाच ठरवू द्या. अर्धशिशीसाठी अमिट्रिप्टिलिन किंवा टोपिरामेट असे पर्याय आहेत. परंतु टोपिरामेट गर्भाला अपायकारक ठरू शकते, तेव्हा गर्भधारणेचा विचार असल्यास तेही त्यांच्या कानावर घाला.