मुलगी वेटिंगवर होती, विनातिकीट नव्हती

प्रश्न: आई (वय 71), मी आणि मुलगी (वय 21), अशा तिघींचं अकोला ते पुणे स्लीपरचं एकच ई-तिकीट होतं. चार्ट लागला तेव्हा आईचा बर्थ कन्फर्म, मी आरएसी (म्हणजे दोघांत मिळून एक बर्थ) आणि मुलगी वेटिंग 4. सोबत भाचा होता. त्याचं तिकीट मागाहून वेगळं काढलं होतं, ते वेटिंगच राहिलं. रात्री जळगाव सुटल्यावर टीसी आले. ‘वेटिंगवाले दोघं विनातिकीट’ म्हणून दोघांना दंड लावला, पावत्या दिल्या आणि मनमाडला उतरून जनरल डब्यात जा म्हणाले. हातापाया पडल्यावर बसू दिलं. माझ्या साइड लोअरवर अर्ध्या भागात एक अनोळखी गृहस्थ, उरलेल्या अर्ध्यात आम्ही मायलेकी. समोरचा बर्थ जळगावपर्यंत रिकामा होता, तो तिथं चढलेल्या एका माणसाला मिळाला. दंड परत मिळेल का? मुलगी एमपीएससीची तयारी करते. तिच्या नावावर काही केस तर लागली नाही ना?

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण झोप त्यानेच उडवली असणार. केस लागलेली नाही. तुम्ही पावत्यांचे फोटो पाठवलेत, त्यावरून ही वसुली रेल्वे कायदा 1989 च्या कलम 138 खालची दिसते. भाडं, आणि वर तेवढीच रक्कम किंवा 250 रुपये यांतलं जे जास्त असेल ते. आपण बोलताना त्याला दंड म्हणतो, पण कायद्याच्या भाषेत ती ‘जादा आकारणी’ आहे. ती भरली म्हणजे कुणी गुन्हा कबूल केला असं होत नाही. फसवायच्या इराद्याने विनातिकीट प्रवास करणं हा गुन्हा कलम 137 मध्ये येतो, आणि त्यासाठी माणसाला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं. तुमच्या मुलीच्या बाबतीत यातलं काहीही झालेलं नाही. उद्या पडताळणीच्या फॉर्मवर ‘शिक्षा झाली आहे का’ असं विचारलं तर तिनं निर्धास्त ‘नाही’ लिहावं.

आता दंडाकडे. टीसींनी दोघांना एकाच मापानं मोजलं, आणि चूक तिथेच झाली. मुलगी आणि भाचा दोघंही वेटिंगवर होते, पण दोघांची तिकिटं सारखी नव्हती.

भाच्याचं आधी सांगतो, म्हणजे कडू घोट संपेल. ज्या ई-तिकिटावरची सगळीच नावं चार्ट लागल्यावरही वेटिंगवर राहतात, ते तिकीट आपोआप रद्द होतं. नावं चार्टवर येत नाहीत आणि माणशी 60 रुपये कापून पैसे खात्यात परत जातात. भाच्याला विचारा, त्या दिवशी किंवा पुढच्या काही दिवसांत त्याला बँकेचा एसएमएस आला असेल. तो एसएमएस म्हणजेच त्याच्याविरुद्धचा पुरावा. ज्या तिकिटाचे पैसे परत आले, त्या तिकिटावर प्रवास करता येत नाही. मोबाइलमध्ये तिकिटाचा फोटो होता, हे खरं. पण ते तिकीट गाडी अकोल्यात यायच्या आधीच मेलं होतं. त्याला झालेली आकारणी बरोबर आहे, तिच्या मागे लागू नका. (खिडकीवर काढलेलं वेटिंगचं तिकीट असं आपोआप रद्द होत नाही. ते घेऊन जनरल डब्यात बसता येतं, पण स्लीपरमध्ये किंवा एसीत नाही. ‘वेटिंगवर जाता येतं हो’ असं जुनी माणसं छातीठोक सांगतात, ते या खिडकीच्या तिकिटावरून. तेही जनरलपुरतंच.)

मुलीचं प्रकरण निराळं. एका पीएनआरवर काही नावं कन्फर्म किंवा आरएसी आणि काही वेटिंग असतील, तर ते तिकीट रद्द होत नाही. वेटिंगवाल्याचं नावही चार्टवर येतं. तुमच्या मुलीचं नाव टीसींच्या यादीत होतं, भाडं रेल्वेकडे जमा होतं, आणि ते आजही परत आलेलं नाही. तिला बर्थवर हक्क नव्हता, हे मान्य. पण बर्थ नसणं आणि तिकीट नसणं या दोन गोष्टी आहेत. कलम 138 दुसऱ्या गोष्टीसाठी आहे.

उद्या रेल्वेचा वकील कलम 155 काढील, तेव्हा तेही ऐकून ठेवा. आपल्यासाठी जागा राखून ठेवलेली नाही अशा डब्यात कुणी शिरला आणि अधिकृत कर्मचाऱ्यानं सांगूनही निघाला नाही, तर त्याला बाहेर काढता येतं, 500 रुपयांपर्यंत दंडही होऊ शकतो. पण त्या कलमात दुसऱ्यांदा भाडं वसूल करायची मुभा कुठेच नाही. शिवाय मुलगी दुसऱ्या कुणाच्या बर्थवर नव्हती, तुमच्याच जागेत अंग चोरून बसली होती. तिच्या पावतीवर कारणाच्या रकान्यात ‘विदाऊट टिकीट’ लिहिलं आहे, आणि पीएनआरची जागा कोरी आहे. कार्बन पुसट असला तरी ते दोन शब्द वाचता येतात. ती पावती लॅमिनेट करू नका. साध्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा.

मनमाडला रात्री उतरायला सांगितलं, त्याबद्दलही थोडं. कलम 139 प्रमाणे पुरुष प्रवासी सोबत नसलेल्या स्त्रीला किंवा मुलाला गाडीतून उतरवायचं तर ते फक्त दिवसा. आणि तेही जिथून प्रवास सुरू झाला ते स्टेशन, जंक्शन, शेवटचं स्टेशन किंवा जिल्ह्याचं मुख्यालय इथेच. मनमाड जंक्शन आहे, पण रात्रीचं काय? भाचा सोबत होता, म्हणजे ‘पुरुष सोबत होता’ असा मुद्दा रेल्वे मांडू शकते. ज्याला त्यांनीच विनातिकीट ठरवलं, त्याला त्याच दमात ‘प्रवासी’ कसं म्हणणार, हा आपला उलट मुद्दा. तसं प्रत्यक्षात कुणाला उतरवलं नाही, त्यामुळे हा मुद्दा अर्जात एका वाक्यात लिहा, त्यावर फार जोर देऊ नका.

समोरच्या बर्थबद्दल तुमचा राग मला समजतो. साइड लोअरवर अनोळखी माणसासोबत रात्र काढणं काय असतं, हे कोर्टाच्या तारखांसाठी नागपूरला जाताना मी भोगलं आहे. गुडघे छातीशी घ्यायचे आणि दोघांनीही झोप लागल्याचं सोंग करायचं. नियम असा की कन्फर्म प्रवासी आलाच नाही आणि बर्थ मोकळा झाला, तर पहिला हक्क आरएसीवाल्यांचा, त्यांच्या क्रमानं. त्यांच्यानंतर वेटिंगवाले. म्हणजे तो बर्थ खरंच मोकळा असेल, तर तो तुम्हाला किंवा तुमच्या आधीच्या आरएसीला मिळायला हवा होता.

मात्र ‘असेल’ या शब्दापाशी थांबा. जळगावपर्यंत रिकामा दिसलेला बर्थ जळगावहूनच कुणीतरी रीतसर बुक केलेला असू शकतो. टीसींनी पैसे घेऊन जागा विकली, असं अर्जात लिहू नका. तुम्ही पैसे देता-घेताना पाहिलेलं नाही. त्याऐवजी माहितीच्या अधिकारात 10 रुपये भरून अर्ज करा: अमुक तारीख, अमुक गाडी, डबा अमुक, बर्थ क्रमांक अमुक, हा बर्थ कोणत्या स्टेशनपासून कोणत्या स्टेशनपर्यंत आरक्षित होता, प्रवासात तो कुणाला दिला का, कोणत्या वेळी आणि आरएसी क्रमांक कितीला. प्रवाशाचं नाव मागू नका. नाव मागितलं की ‘खासगी माहिती’ म्हणून सगळा अर्जच नाकारायला आयतं निमित्त मिळतं. अर्ज याच आठवड्यात टाका, असली रेकॉर्ड रेल्वे जन्मभर सांभाळत नाही.

पैशांसाठी आधी त्या झोनच्या मुख्य वाणिज्य व्यवस्थापकांच्या रिफंड विभागाला साधं पत्र लिहा. कोणता झोन ते पावतीवर छापलेलं असतं. पत्र मुलीच्या नावानं, तिच्या सहीचं, आणि फक्त तिच्याच आकारणीबद्दल. भाच्याची पावती त्यात घुसडली तर खरी मागणीही पातळ होईल. सोबत तिकिटाची प्रिंट, चार्टनंतरच्या स्थितीचा एसएमएस किंवा स्क्रीनशॉट आणि पावतीची झेरॉक्स जोडा. रजिस्टर एडीनं पाठवा, आणि तीच तक्रार रेलमदत या रेल्वेच्या तक्रार पोर्टलवरही नोंदवा, म्हणजे तक्रार क्रमांक मिळतो.

तिथून नकार आला, किंवा दोन-तीन महिने उत्तरच आलं नाही, तर दोन दारं आहेत. भाड्याच्या परताव्याचे दावे रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे जातात. विदर्भाला नागपूरचं खंडपीठ जवळ. सेवेतल्या त्रुटीसाठी आणि मनस्तापासाठी जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे अकोल्यातच तक्रार करता येते, मुदत 2 वर्षं. ग्राहक आयोगात रेल्वे पहिल्याच तारखेला म्हणेल की हा परताव्याचा विषय, इथे चालत नाही. म्हणून तक्रार लिहिताना मुख्य कहाणी परताव्याची नको. वैध तिकीट असलेल्या मुलीला रात्री सगळ्या डब्यासमोर विनातिकीट ठरवलं, ही हवी. खरं सांगू? एवढ्या रकमेसाठी नागपूरच्या फेऱ्या मी तुम्हाला सुचवणार नाही. पत्रानं भागलं तर उत्तम. नाहीतर अकोल्यातच तक्रार करा, तिथे वकील लावायचीही गरज नाही.

राहिली पुढची खेप. पहिला चार्ट आता पूर्वीसारखा चार तास आधी नव्हे, बराच आधी लागतो, त्यामुळे विचार करायला वेळ मिळतो. एकाच तिकिटावर कुणी कन्फर्म आणि कुणी वेटिंग असं झालं आणि जायचं मन नसेल, तर गाडीच्या वेळेच्या अर्धा तास आधीपर्यंत सगळ्यांचं तिकीट रद्द करा किंवा टीडीआर (पैसे परत मागायचा ऑनलाइन अर्ज) भरा. मग आईसारख्या कन्फर्म प्रवाशाचेही माणशी 60 रुपये सोडून सगळे पैसे परत येतात. अर्धा तास वेळापत्रकातल्या वेळेपासून मोजतात, गाडी दोन तास लेट असली तरी. फक्त मुलगी मागे राहिली आणि तुम्ही दोघी गेलात, तर गाडीत टीसींकडून ‘ही प्रवासी आली नाही’ असा दाखला घ्या आणि पोचल्यापासून 72 तासांत टीडीआर भरा. दाखला मागायला संकोच करू नका, तो देणं हे त्यांचं कामच आहे.

आणि भाच्याला पुढच्या वेळी तुमच्याच पीएनआरवर घ्या.