अमेरिकेत वर्षअखेरीस चर्चमार्फत दान कसं द्यावं?

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात हा प्रश्न हमखास येतो. चेक ३१ डिसेंबरपर्यंत टपालात पडला, की करसवलतीसाठी तो त्याच वर्षाचा धरतात. चर्चने जानेवारीत वटवला तरी चालतं. क्रेडिट कार्डाचंही तसंच, बिल नंतर भरलं तरी हरकत नाही. २५० डॉलर किंवा त्याहून मोठ्या देणगीला चर्चची लेखी पोच लागतेच आणि ती कराचं रिटर्न भरण्याआधी हातात हवी.

वर्षाहून जास्त काळ ठेवलेले, भाव वाढलेले शेअर असतील तर ते विकून पैसे देऊ नका. शेअरच चर्चच्या खात्यात वळते करा. नफ्यावरचा कर वाचतो आणि ती सगळी रक्कम अर्पणात जाते. मात्र याला दिवस लागतात, म्हणून चर्चच्या ऑफिसला आजच फोन करा. वय साडेसत्तरच्या पुढे असेल तर आयआरएमधून, म्हणजे निवृत्तीसाठीच्या वैयक्तिक बचत खात्यातून, थेट चर्चच्या नावे रक्कम पाठवता येते. ती तुमच्या उत्पन्नात धरत नाहीत.

आता मला सगळ्यात जिव्हाळ्याची गोष्ट. मंडळीतल्या एखाद्या अडचणीतल्या कुटुंबासाठी द्यायचं असतं, आणि आपण अर्पणाच्या पाकिटावर त्यांचंच नाव लिहितो. अशा देणगीला करसवलत मिळत नाही. पाकिटावर ‘मदतनिधी’ लिहा आणि कुणाला द्यायचं ते पाळकांवर, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंवर सोडा. त्या घराची अडचण मात्र त्यांच्या कानावर जरूर घाला. घेणाऱ्याचा मानही राहतो.

आणि पैशांऐवजी कपडे देत असाल, तर बटणं, चेन नीट बघून घ्या.