महागडा सँडर (लाकूड घासून गुळगुळीत करायचं मशीन) घेतोयस? मग एवढं बघ

फेस्टूलचा ईटीएस ईसी की मिर्काचा डेरॉस यावर डोकं पिकवू नकोस मित्रा, दोन्ही ब्रशलेस आहेत म्हणजे कार्बन ब्रश बदलायची कटकटच नाही. खरा फरक ऑर्बिटचा, म्हणजे पेपर फिरताना किती मिमी हलतो त्याचा. 5 मिमीवाला माल पटापट काढतो, 3 मिमीवाला फिनिशिंगला भारी, एकच घ्यायचा असेल तर 5 घे, पॉलिशच्या आधी शेवटचा हात लाकडाच्या रेषांच्या दिशेने हाताने मार की झालं.

मोटर सहसा जात नाही, आधी जातं ते पॅड, म्हणजे खालची गोल गादी जिच्यावर सँडपेपर चिकटतो. आपल्याकडे रंध्यासारखं जोर लावून घासायची सवय, त्यात पॅड तापतं, वेल्क्रोचे आकडे वितळतात आणि पेपर कडेने सुटायला लागतो. पॅडच्या कडेला मार्करने रेघ मार, चालू असताना ती सावकाश गोल फिरताना दिसली पाहिजे, थांबली की दाब जास्त झाला समज.

आणि व्हॅक्यूमशिवाय चालवू नकोस प्लीज, एमडीएफचा (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डाचा) भुसा छातीत पण जातो आणि बेअरिंगमध्ये पण. सागवान तेलकट, साधा पेपर लगेच चोंदतो, तिथे जाळीवाला पेपर वापर. पैसे भरण्याआधी पॅड तुझ्या शहरात मिळतं का तेवढं विचार.