दहेज बंदर : प्रश्न तुमचे, उत्तरं आमची

प्रश्न : गुजरातमधल्या दहेजमध्ये एवढे पेट्रोकेमिकल कारखाने कसे जमले?

नुसती जेटी बांधली की उद्योग येतो, हा गोड गैरसमज आहे. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक प्रचंड, पाणी गाळाचं. म्हणून जेटी दोन किलोमीटरहून जास्त आत समुद्रात न्यावी लागली. तरीही दहेज वाढलं, कारण कच्चा माल तिथे होता. आधी जवळच्या गंधार तेल-वायू क्षेत्राचा वायू, मग २००४ पासून पेट्रोनेट कंपनीच्या टर्मिनलवर कतारहून येणारा एलएनजी, म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायू. उणे १६२ अंशांवर द्रवरूप झालेल्या या वायूत इथेन आणि प्रोपेनही असतात. ओएनजीसी ते आधी काढून घेते आणि शेजारच्या ओपॅल या पेट्रोकेमिकल कंपनीला पुरवते. ओपॅलच्या क्रॅकरची, म्हणजे हे वायू तोडून प्लास्टिकचा कच्चा माल असलेलं इथिलीन बनवणाऱ्या संयंत्राची, क्षमता वर्षाला ११ लाख टन इथिलीन. उरलेला वायू पाइपलाइनने पुढे. एकाच जहाजातून दोन धंदे!

प्रश्न : मग ओएनजीसी आता बाहेरून इथेन का आणणार आहे?

कतारशी झालेल्या नव्या करारानुसार २०२८ पासून येणारा वायू 'लीन' असेल. म्हणजे इथेन तिकडेच काढून घेतलेला. त्यामुळे इथेनची वेगळी जहाजं, वेगळ्या टाक्या. माझ्या मते दहेजची खरी परीक्षा इथेच आहे.

प्रश्न : आम्ही नागोठण्याचे. आमचा दहेजशी काय संबंध?

थेट संबंध. रिलायन्स अमेरिकेतून आणलेलं इथेन दहेजला उतरवते आणि ते हजिरामार्गे पाइपलाइनने तुमच्याकडच्या रिलायन्सच्या पेट्रोकेमिकल कारखान्यात येतं. पूर्वी हा कारखाना बॉम्बे हायच्या वायूवर चालायचा.

प्रश्न : मच्छीमारांचं काय?

नर्मदेच्या मुखाशी हिलसा मासा धरणारे भाडभूतचे मच्छीमार वर्षानुवर्षं तक्रार करताहेत. वरच्या धरणांमुळे गोडं पाणी घटलं, त्यात कारखान्यांच्या सांडपाण्याची भर. दोष नेमका कुणाचा किती, यावर वाद घालता येईल. पण मासळीची मोजणी कारखाना येण्याआधीपासून व्हायला हवी. नंतर केलेल्या मोजणीला अर्थ नसतो.

प्रश्न : कोकणात असं बंदर उभं राहील का?

खोल पाणी दहेजपेक्षा कोकणात सहज मिळेल. अडतं ते जमिनीवर. दहेजचं पेट्रोकेमिकल उद्योगांसाठी राखलेलं गुंतवणूक क्षेत्र ४५३ चौरस किलोमीटरचं आहे. सह्याद्री आणि समुद्राच्या मधल्या पट्टीत, आंब्या-काजूच्या बागा सोडून, एवढी सलग सपाट जमीन दाखवा. नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाची जमिनीची अधिसूचना २०१९ मध्ये रद्द झाली, तेव्हा वाद जेटीचा नव्हता, जमिनीचा होता.