परीक्षेत आणू नको

चिरंजीवास,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

तुझे पत्र मंगळवारी मिळाले. उत्तर लगेच लिहिले नाही, कारण पहिल्या वाचनानंतर मला नुसता उपदेश सुचत होता आणि उपदेश तू संडे स्कूलपासून पुरेसा ऐकला आहेस. दोन दिवस पत्र टेबलावर ठेवले, पुन्हा वाचले आणि आता बसलो आहे.

तू तीन पाने लिहिली आहेस. स्पर्धा परीक्षेचा दुसरा प्रयत्न हुकला, तेव्हापासून रात्री मोबाईलवर पैसे लावून पत्ते खेळण्याची सवय लागली. 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तेव्हा तुला सुटल्यासारखे वाटले, आणि पंधरा दिवसांच्या आत खोलीवरच्या एका मित्राने दुसरी आडवाट दाखवली. मग कर्ज देणारे ॲप आले, झोप गेली, आणि प्रार्थनेला गुडघे टेकले की आपण ढोंगी आहोत असे वाटू लागले. शेवटी तू विचारले आहेस की, ज्याच्या मनात रोज हे चालते त्याचा विश्वास खरा असू शकतो का?

आधी एका शब्दाविषयी लिहितो. आपल्या मंडळीत दर रविवारी प्रभूची प्रार्थना म्हणताना आपण ‘आम्हांस परीक्षेत आणू नको’ असे म्हणतो. लहानपणी तू हे वाक्य शाळेच्या परीक्षेच्या भीतीने फार मनापासून म्हणायचास, हे मला आठवते, आणि तुझी आई हसू आवरायची. वसईकडचे आपले कॅथलिक बांधव त्याच जागी ‘मोह’ म्हणतात. दोन्ही भाषांतरे बरोबर आहेत, कारण मूळ ग्रीक ‘पेइरास्मोस’ या एकाच शब्दात कसोटी आणि मोह हे दोन्ही अर्थ आहेत. याकोबाच्या पत्राचा पहिला अध्याय उघडून पाहा. आरंभी तो नाना प्रकारच्या परीक्षांना तोंड द्यावे लागते तेव्हा आनंद माना म्हणतो, आणि पुढे दहा-बारा ओळींनंतर त्याच धातूचा शब्द वापरून, देव कोणाला मोहात पाडत नाही, माणूस स्वतःच्या वासनेने ओढला जातो, असे बजावतो. प्रसंग तोच असतो. त्यातून माणूस तावूनही निघू शकतो आणि घसरूही शकतो, म्हणून मला आपला जुना ‘परीक्षा’ हा शब्द अधिक आवडतो. परीक्षेला बसावे लागले म्हणून कोणी विद्यार्थी शाळेतून काढला जात नाही.

प्रभूच्या परीक्षेचा क्रमही लक्षात घे. यार्देनेत बाप्तिस्मा झाला, ‘हा माझा परमप्रिय पुत्र’ अशी वाणी झाली, आणि त्यानंतर लगेच अरण्य. चाळीस दिवसांच्या उपासानंतर सैतान आला, तेव्हा त्याने भाकरीचा विषय काढण्याआधी ‘तू देवाचा पुत्र असशील तर’ अशी सुरुवात केली. म्हणजे जे नुकतेच ऐकवले गेले होते, नेमक्या त्याच गोष्टीवर त्याने बोट ठेवले. तुझ्या पत्राच्या शेवटी जो प्रश्न आहे तो मला याच घराण्यातला वाटतो. हातून चूक झाली म्हणून दुःख होणे वेगळे, आणि ‘तू मुळात त्याचा नाहीसच’ अशी कुजबुज रात्री दोन वाजता ऐकू येणे वेगळे. पहिले पवित्र आत्म्याचे काम आहे; दुसऱ्याला उत्तर देत बसू नकोस. प्रभूनेही आपले पुत्रत्व सिद्ध करून दाखवले नाही. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातली तीन वचने सांगितली आणि विषय संपवला. लूक तर पुढे असेही लिहितो की सैतान काही काळापुरताच त्याला सोडून गेला. जेथे प्रभूलाच कायमची सुटी मिळाली नाही, तेथे तुला-मला ती मिळावी ही अपेक्षा कशाला?

एवढे वाचून तुला हायसे वाटले असेल तर थोडे थांब. जे घडले त्याला ‘अंतरीचा संघर्ष’ असे गोंडस नाव देऊन तू स्वतःला फसवावेस, असे मला मुळीच वाटत नाही. मनात खेळण्याची ओढ येणे ही परीक्षा झाली. वडिलांनी खानावळीसाठी पाठवलेले पैसे डावावर लावणे हे कृत्य झाले, आणि त्याची कबुली द्यावी लागते व भरपाईही करावी लागते. याकोब वासनेचे वर्णन गर्भधारणेसारखे करतो: वासना गर्भवती होते, पापाला जन्म देते आणि पाप वाढून मरणाला. त्या उपमेतला मधला काळ मला महत्त्वाचा वाटतो. ओढ आणि कृत्य यांच्यामध्ये वेळ असतो, आणि जे काही करता येते ते त्याच वेळात.

दाविदाची गोष्ट आपण नेहमी बथशेबेपासून सांगतो, पण शमुवेलाचे दुसरे पुस्तक ती बरेच आधी सुरू करते. राजे लढाईवर निघण्याचा तो हंगाम होता, आणि दाविदाने आपला सेनापती यवाब याला पाठवून दिले व स्वतः यरुशलेमेत राहिला. संध्याकाळी पलंगावरून उठला आणि गच्चीवर येरझाऱ्या घालू लागला. जेथे असायला हवे होते तेथे नसलेला, दिवसा झोपून संध्याकाळी उठलेला, एकटा माणूस. बाई दिसण्याआधीच अर्धी लढाई हरलेली होती. तुझी गच्ची कोणती, हे तुझ्या पत्रातच आहे: अभ्यासिका बंद झाल्यानंतरची खोली, अकरा वाजल्यानंतरचा वेळ आणि उशाशी ठेवलेला फोन. त्या वेळी गुडघे टेकून शक्ती मागण्यापेक्षा संध्याकाळी सातला, मन शांत असताना, फोनमधून यूपीआय काढून टाकणे आणि रात्री फोन दुसऱ्याच्या स्वाधीन करणे हे अधिक प्रामाणिक प्रार्थनेचे लक्षण आहे. ज्याने आडवाट दाखवली त्या मित्राशी वाद घालू नकोस, त्याला सुधारायलाही जाऊ नकोस, खोली बदल. पोटीफराच्या घरी त्याच्या बायकोने वस्त्र धरले तेव्हा योसेफाने चर्चा केली नाही, ते तिच्या हाती टाकून पळाला. पळण्यात कमीपणा नाही.

आता माझे ऐक, कारण हे मी पुस्तकातून लिहीत नाही. पंचविशीत असताना मी एका लहानशा मंडळीच्या तरुण संघाचा खजिनदार होतो. नाताळच्या कार्यक्रमाची वर्गणी माझ्याकडे होती. बहिणीची फी भरायची होती, पगार अडला होता, आणि मी त्या वर्गणीतले चारशे रुपये ‘आठवड्यासाठी’ घेतले. त्या काळी चारशे रुपये ही लहान रक्कम नव्हती. आठवड्याचे सात आठवडे झाले. त्या सात आठवड्यांत मी मंडळीत जितक्या मोठ्या आवाजात प्रार्थना केल्या तितक्या त्यापूर्वी कधी केल्या नसतील, आणि एकही प्रार्थना छताच्या वर गेली नाही असे वाटायचे. बत्तिसाव्या स्तोत्रात दावीद म्हणतो की मी गप्प राहिलो तेव्हा माझी हाडे जीर्ण झाली. ते वचन मला तेव्हा अंगात कळले. अखेर एका रविवारी उपासनेनंतर मी आमच्या वडीलमंडळींपैकी एकाला गाठले आणि फार लांबण लावून आत्मिक दुर्बलता, मोह, सैतानाचे हल्ले वगैरे बोलू लागलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “नेमके किती?”

मला तो आकडा तोंडातून काढायला जेवढे जड गेले तेवढे पापाची कबुली द्यायला गेले नव्हते. त्यांनी वहीत तो माझ्याकडून लिहून घेतला, खजिनदारी काढून घेतली, आणि मी महिन्याला चाळीस रुपये याप्रमाणे दहा महिने पैसे भरले. दर महिन्याला ते पावती द्यायचे आणि चहा पाजायचे. त्यांनी मला एकही वचन ऐकवले नाही. पहिली पावती मिळाली त्या रात्री मी फार दिवसांनी झोपलो.

तुझ्या चिंतेविषयीही मला हेच सांगायचे आहे. डोंगरावरील प्रवचनात, मत्तयाच्या सहाव्या अध्यायाच्या शेवटच्या दहा वचनांत, चिंता करणे हे क्रियापद मूळ ग्रीकमध्ये सहा वेळा येते. इतक्या वेळा सांगावे लागले याचा अर्थ ऐकणारे चिंतेने ग्रासलेले होते आणि प्रभूला ते दिसत होते. पण त्याने दिवसाला दुःख नसते असे म्हटले नाही. ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे, असे म्हटले. तू मात्र कर्ज, वडिलांचा राग, तिसरा प्रयत्न, वयोमर्यादा, बहिणीचे लग्न आणि स्वतःचे तारण हे सगळे एकाच रात्रीच्या अंगावर घालतोस. पौल फिलिप्पैकरांना लिहितो तेव्हा स्वतः बेड्यांत आहे, आणि कशाविषयीही चिंता करू नका म्हणून तो थांबत नाही. आपल्या मागण्या आभारासह देवाला कळवा, असे सांगतो. कळवायचे म्हणजे तपशील आला. ‘प्रभू, माझे ओझे काढ’ ही प्रार्थना चांगली आहे, पण ज्याला ओझ्याचे वजन स्वतःशी उच्चारण्याची भीती वाटते तोही ती म्हणू शकतो. हप्त्याची तारीख सांग, ॲपचे नाव सांग, कोणाचा फोन आला की छातीत धस्स होते ते सांग.

झोपेविषयी तू एकच ओळ लिहिली आहेस, तीही जाता जाता, आणि मला तिचीच जास्त काळजी वाटली. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात एलीया झुडपाखाली बसून ‘आता पुरे, माझा प्राण घे’ म्हणतो. हा कर्मेल डोंगरावर अग्नी उतरवणारा संदेष्टा. तरी देव त्याला ‘तुझा विश्वास कोठे गेला’ असे विचारत नाही. तो झोपतो, दूत त्याला उठवून निखाऱ्यांवरची भाकर आणि पाणी देतो, तो पुन्हा झोपतो, दूत पुन्हा खायला घालतो. संवाद नंतर, होरेबाला पोहोचल्यावर. म्हणून रात्रीचे जेवण चुकवू नकोस, आणि आठवडाभरात झोप सुधारली नाही तर डॉक्टरांकडे जा. त्याने विश्वास कमी होत नाही. एलीयासारखे विचार तुझ्या मनात कधी आले असतील किंवा आले, तर माझ्या पत्राची वाट न पाहता त्याच क्षणी मला फोन कर, अथवा सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक लाव. हे मी अगदी गंभीरपणे लिहीत आहे.

राहिला तुझा मूळ प्रश्न. पंडिता रमाबाईंचे नाव तू केडगावच्या मुक्ती मिशनमुळे ऐकले आहेस. दुष्काळात आईवडील गेले, 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये पती गेले, आणि 1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले, ते पुण्यास आणले, विधवांसाठी रान उठवले. आणि इतके सगळे करीत असताना, बाप्तिस्म्याला आठ वर्षे झाल्यावर, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला पण ख्रिस्त अजून सापडलेला नाही, हे त्यांना उमगले. त्यांनी ते लपवले नाही, पुढे आपल्या साक्षीत स्वच्छ लिहून ठेवले. जिच्याकडे शेकडो मुली आधार म्हणून पाहत होत्या त्या बाईला हे लिहिण्यात काय वाटले असेल, याचा मी पुष्कळदा विचार करतो. पौलही रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात ‘जे चांगले करावेसे वाटते ते मी करत नाही’ असे वर्तमानकाळात लिहितो. तो अध्याय त्याच्या विश्वासापूर्वीच्या स्थितीचा की नंतरच्या, यावर विद्वानांचा वाद जुना आहे; मी पाळक नाही, शाळामास्तर आहे, पण अशी तळमळ मेलेल्या मनाला होत नाही, एवढे मला दिसते. मार्काच्या शुभवर्तमानातल्या त्या आजारी मुलाच्या बापाने ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका’ अशी दोन्ही वाक्ये एका दमात उच्चारली, आणि प्रभूने त्याचा मुलगा बरा केला. तुझ्यापाशी सध्या तेवढेच वाक्य असेल तर तेवढेच म्हण.

एक गोष्ट मात्र तुझ्या पत्रात नाही. तीन पानांत तू आत्म्याविषयी पुष्कळ लिहिलेस, पण कर्ज किती, हे ‘थोडेफार’ या शब्दामागे ठेवलेस. मी तो शब्द चारदा मोजला.

तुझ्या वडिलांना मी चाळीस वर्षे ओळखतो. ते ओरडतील, कदाचित ताटावरून उठतील, यंदाच्या कांद्याच्या भावाचे सगळे तुझ्यावर काढतील. मी सोबत असेन. शनिवारी दुपारच्या एसटीने ये, आधी माझ्याकडे उतर, चहा घेऊ, आणि मग दोघे मळ्यावर जाऊ. येताना एका कागदावर रक्कम लिहून आण. मुद्दल वेगळे, व्याज वेगळे, कोणाचे किती तेही. अक्षर मोठे काढ, माझा चष्मा अजून दुकानातून आलेला नाही.

तुझा,
गुरुजी